झिरोवर आना अन् हात काढा

कोणत्याही यंत्राला हात घालायच्या आधी काका त्याच्यावर तळहात ठेवायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, नाहीतर आमचा जुना फ्रिज. डोळे अर्धवट मिटून दोन-तीन श्वास तसेच उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "आधी हाताले इचारा, मॅडम. डोये फसवतात, कान फसवतात. हात नाई फसवत."

मी शाळेत विज्ञान शिकवते. गरम, कोमट आणि थंड पाण्याची तीन भांडी ठेवून, हात कसा फसवतो हे दरवर्षी सातवीच्या मुलांना दाखवते. हे मी काकांना एकदा ऐकवलंसुद्धा. त्यांनी फ्रिजवरचा हात न काढता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं बी बरोबर हाय. पन तुमचा कॉम्प्रेसर जाऊन राहिला." चौथ्या दिवशी तो गेला.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असणार. त्याला कोणी बोलावत नाही, पण काही बिघडलं की तो आपसूक दारात उभा असतो. आमच्या कोहक्याच्या गल्लीत तो मान काकांचा होता. समोरच्या घरात ते आणि काकू असे दोघंच राहायचे, मुलगा पुण्याला. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये कामाला आले, तेही प्लांटमध्येच लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आमचं घर मूळचं इथल्याच दुर्गचं, हिंदी मुलखातलं. चार पिढ्यांमागे कोण कुठून आलं हे आता कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे आमची मराठी घरात जपून ठेवलेली आणि जरा इस्त्रीची. काका म्हणायचे, "मॅडम मराठी बोलल्या की मले वाटते रेडिओ लागला."

प्लांटमध्ये ते क्रेन चालवायचे. वितळलेल्या पोलादाने भरलेली भली मोठी बादली माणसांच्या डोक्यावरून न्यायची, ते काम. बादली डोलली नाही पाहिजे, बस. सबंध नोकरीत आपली बादली कधी डोलली नाही, एवढा एकच अभिमान त्यांना होता आणि तो ते दर आठवड्याला सांगायचे. क्रेनच्या केबिनमध्ये एक दांडा असतो. पुढे लोटला की क्रेन पुढे, मागे ओढला की मागे, आणि मध्ये झिरो. दांडा झिरोवर आला की क्रेनचे ब्रेक आपोआप बसतात. "झिरोवर आना अन् हात काढा," ते म्हणायचे, "मंग आभाय कोसळलं तरी क्रेन जागची हालत नाई."

हे वाक्य त्यांनी पुढे सगळ्याच गोष्टींना लावलं होतं. शेजारच्या दोन भावांची भिंतीवरून जुंपली, तेव्हा मध्ये उभे राहून ते एवढंच म्हणाले. माझ्या मुलीला बारावीत कमी मार्क मिळाले आणि मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं, तेव्हा फाटकापाशी येऊन मलाही म्हणाले, "मॅडम, झिरोवर आना अन् हात काढा." मला राग आला होता. पण मी हात काढला, हेही खरं.

गाडी ते क्रेनसारखीच चालवायचे. विहारात काही कार्यक्रम असला की काकू वरणाचं पातेलं मांडीवर घेऊन बसायच्या, आणि काका त्यावर झाकण ठेवू द्यायचे नाहीत. वरण काठाला लागलं तर म्हणे गाडी विकून टाकीन. काकू मला हसत सांगायच्या, "माह्या साड्यायची काळजी नाई, बाप्पा, यायच्या नावाची काळजी. अन् खरं सांगू का? यायच्या गाडीत बसलं की मले झोप येते. घरी येत नाई तशी."

मग मुलाने ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली. काका आठ दिवस तिच्यावर रुसून होते. "गिअर तिचा तेच टाकते, मंग मी कायले बसू? फोटोले?" नवव्या दिवशी ते मला गाडीपाशी घेऊन गेले आणि गिअरचा दांडा दाखवला. पुढे जायचं इथे, मागे जायचं तिथे, मध्ये एन, म्हणजे न्यूट्रल. चेहरा असा फुलला होता की काय सांगू. "पायलं का? झिरो. हा तर माहा कंट्रोलर हाय."

काकूंच्या किडन्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. दुपारी दोनला न्यायचं, सहाला आणायचं. ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांना सांगायला नको. रात्रभर काकूंचे पाय ओढायचे, अंगाला खाज सुटायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही. झोप लागायची ती एकाच ठिकाणी. सहा वाजता मशीनवरून सुटून त्या गाडीत मागच्या सीटवर टेकल्या की सुपेल्याचा चौक यायच्या आत त्यांची मान कलायची. घर येईपर्यंतची ती पंचवीस मिनिटं त्यांची हक्काची होती. सुपेल्याच्या त्या गर्दीतून, रिक्षा आणि हातगाड्यांमधून काका गाडी अशी काढायचे की मान इकडची तिकडे होत नसे.

आणि मग त्यांच्याच डाव्या अंगावरून वारं गेलं. हलकंच होतं. महिन्याभरात चालायला लागले, बोलणं सुधारलं. डावा हात मात्र अर्धाच परत आला. उचलला जायचा, पण बोटांत जोर नाही आणि अंगठा तर नावापुरता. डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं, पण गाडीनेच नाही म्हटलं. तिच्या गिअरच्या मुठीला बाजूने एक छोटं बटण होतं. ते अंगठ्याने दाबल्याशिवाय दांडा पार्कमधून, म्हणजे गाडी जागीच अडकवून ठेवणाऱ्या खाचेतून, निघत नाही आणि पार्कमध्ये जातही नाही. तुमच्या-माझ्या अंगठ्याला हे कधी कळतसुद्धा नाही.

एका दुपारी मी शाळेतून येत होते. काका गाडीत बसून उजवा हात पोटावरून डावीकडे नेऊन, सगळं अंग पिळून ते बटण दाबत होते. मागे काकू शाल घेऊन बसल्या होत्या आणि पलीकडच्या खिडकीतून रिकाम्या भिंतीकडे पाहत होत्या. नवऱ्याची ती धडपड आपण पाहिली असं होऊ नये म्हणून. मी सायकलवाल्या पोरांना ओरडायचं निमित्त करून पुढे गेले. घरी येऊन रडले.

मुलाने फोनवर सांगितलं, "बाबा, ज़िद मत करो ना. ड्रायव्हर लावून देतो मी." लावलाही. दोन दिवस टिकला. पोरगा चांगला होता, पण ब्रेकवर उभा राहायचा. काकू दोन्ही दिवस टक्क जाग्या घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी फाटकातच ओकल्या. काका माझ्या ओट्यावर येऊन बसले. "थे पंचवीस मिनटं झोपते, मॅडम," ते म्हणाले. "पंचवीस मिनटं. तेवढंच माह्या हातात होतं." एवढं म्हणून ते आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिले.

त्या हाताला चालेल अशी मूठ मी फोनवर शोधून काढली. मोठी, गोल, तळहातात भरेल अशी, आणि बटण बाजूला नाही, तर वर डोक्यावर. अंगठा नको, नुसता तळवा टेकला की दबतं. पंधरा दिवसांनी डबा आला. त्यात ती मूठ, लहान-मोठ्या चार कड्या, तीन बारीक स्क्रू, ते पिळायची वाकडी किल्ली आणि एक कागद. कागदावर बहुतेक चिनी आणि थोडं इंग्रजी.

रविवारी सकाळी आम्ही ती बसवायला घेतली. मी कागद वाचणार, काका हाताला विचारणार, अशी वाटणी. पार्कमध्ये दांडा पुढे टेकलेला असतो, हाताला जागा मिळत नाही, म्हणून तो एनवर आणला. कागदावर लिहिलं होतं, चाकांना अडसर लावा. मी विटा आणायला निघाले तर काका म्हणाले, "विटा कायले? झिरोवर हाय न गाडी." मी म्हटलं, कागदावर आहे. "मंग आना. कागदाचा मान ठेवा." मी चारही चाकांना विटा लावल्या आणि त्यांनी त्या माझ्या हौसेखातर चालवून घेतल्या. तेव्हाच मला कळायला हवं होतं. विज्ञान शिकवते मी. पण मी मनात हसत होते.

जुन्या मुठीखालचा गळपट्टा खाली सरकवला, आतली क्लिप स्क्रूड्रायव्हरने काढली. आता मूठ सरळ वर ओढायची. "हळू, मॅडम. थे अचानक सुटते," ते म्हणेपर्यंत मी दोन्ही हातांनी जोर लावला होता. मूठ सुटली ती माझ्या हनुवटीवर आली. बटण एकीकडे, स्प्रिंग दुसरीकडे. फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या काकू आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसल्या, त्यामुळे मी हनुवटीला तेल लावायलाही उठले नाही. स्प्रिंग अर्ध्या तासाने सीटखाली सापडली. काकांनी जुनी मूठ, बटण आणि स्प्रिंग एका डबीत नीट भरून ठेवलं.

नवी मूठ दांड्यावर बसली. शेवटी तीन स्क्रू आवळायचे होते. एका हाताने मूठ दाबून धरायची आणि दुसऱ्याने किल्ली फिरवायची. काकांनी डावा हात मुठीवर ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ तसेच बसले. मग हात काढून घेतला आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"तुमी आवळा. तुमच्या हाताले इचारा, किती झालं ते."

"तुमच्या हाताला काय वाटतं?"

"माहा हात आता खोटं बोलून राहिला," ते म्हणाले.

मी आवळले. इतका नेट लावून मी आयुष्यात काही आवळलं नसेल.

संध्याकाळी काकूंना मागे बसवून, त्यांच्या हातात पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला देऊन काकांनी गाडी कोहक्यातून एक फेरी फिरवून आणली. फाटकाशी आल्यावर काकूंनी खिडकीतून तसाच भरलेला पेला बाहेर धरला. माझ्यासमोर त्यातलं पाणी प्यायल्या. दोनच घोट, कारण त्या आजारात पाणीही मोजून होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांची ती पंचवीस मिनिटं त्यांना परत मिळाली.

पाच महिने सगळं सुरळीत चाललं. ती मूठ त्यांच्या तळहातात इतकी मुरली की काका पुन्हा शीळ घालायला लागले. आणि नेमकं तिथेच चुकलं. जुन्या मुठीचं ते बटण छोटं, अवघड होतं, त्यामुळे हाताला सारखी आठवण राहायची की ही गाडी आहे. नवी मूठ गोल, भरीव, अगदी क्रेनच्या दांड्यासारखी. हात बिचारा तीस-बत्तीस वर्षं मागे गेला.

दवाखान्याच्या दारापुढे चढण आहे. त्या दुपारी काकांनी गाडी चढावर थांबवली, दांडा झिरोवर आणला आणि हात काढला. हाताचा ब्रेक ओढायला डाव्या हातात जोर नव्हताच, तो सगळा भार पार्कवर होता. मागचं चाक खड्याला टेकलं असावं, गाडी तेवढ्यापुरती जागची हलली नाही. ते उतरून पलीकडे गेले, काकूंचं दार उघडलं. काकूंनी दोन्ही पाय खाली टेकले आणि गाडी मागे निघाली. उघडं दार त्यांना ढकलत मागे मागे घेऊन गेलं. गाडी खालच्या झाडाच्या कट्ट्याला टेकून थांबली तेव्हा त्या बाजूला पडल्या होत्या. कोपर आणि गुडघा सोलला. ज्या हाताला सुया टोचायच्या तो हात मात्र त्यांनी शेवटपर्यंत वर धरला होता.

"नाचल्यासारखी मागं मागं गेली मी," काकू मला सांगताना हसत होत्या. काका हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी गाडीची किल्ली माझ्या ओट्यावर आणून ठेवली.

"एन म्हंजे गाडी मोकळी असते, मले मालूम हाय," ते म्हणाले. "रोज मालूम होतं. हातानं इचारलंच नाई मले."

त्यांचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता. मला त्या मुठीचा राग आला, आणि ती शोधणाऱ्या बाईचाही. मी म्हटलं, "परवापासून मी चालवते." लायसन्स होतं माझ्याकडे. घेतल्यापासून कपाटात होतं.

आता इथे मी माझी फुशारकी सांगणार नाही. पहिल्या फेरीला मी त्या पोरापेक्षा वाईट चालवलं. येताना काकू डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाईट वाटू नये म्हणून झोपेचं सोंग घेतलं होतं, हे आरशात स्पष्ट दिसत होतं. पुढे माझ्या डावीकडे काका बसले होते. सुपेल्याच्या चौकात मी आचका देऊन थांबले, तेव्हा त्यांनी आपला उजवा, चांगला हात त्या मुठीवर ठेवला. डावीकडे बसल्यावर मूठ त्यांच्या चांगल्या हाताशी येते, हे आम्हा दोघांच्याही तोवर लक्षात आलं नव्हतं.

"गिअर माहा. पाय तुमचे," ते म्हणाले. "वर एक, खाली एक. क्रेनवर असंच असते."

क्रेन एकट्याची नसते, हे मला तेव्हा कळलं. वर केबिनमध्ये चालवणारा, आणि खाली जमिनीवर हाताच्या खुणा करणारा. गोंगाटात आवाज पोचत नाही, म्हणून सगळं खुणांनी. आयुष्यभर वर बसलेले काका आता खालचे झाले. तळहात हळूहळू खाली आणला की ब्रेक हलका सोडत आणायचा. एक बोट गोल फिरवलं की थोडा वेग. हाताची मूठ वळली की आहे तसंच धरून ठेवायचं. आणि गाडी थांबली की मी मोठ्याने म्हणायचं, "पार्क?" त्यांनी दांडा शेवटपर्यंत नेऊन, हाताला विचारून म्हणायचं, "पार्क." हे झाल्याशिवाय कोणीही दाराला हात लावायचा नाही. मुलगी मला म्हणाली, "मम्मी, आप दोनों पागल हो." असू.

महिन्याभराने एका संध्याकाळी मागून बारीक घोरणं ऐकू आलं. सोंग घेणारं माणूस घोरत नाही. काकांनी मागे वळून पाहिलं आणि माझ्यापुढे मूठ वळली. आहे तसंच ठेवा. मी ठेवलं. घर आलं तरी त्यांची मूठ वळलेलीच होती, म्हणून मी फाटकावरून तशीच पुढे गेले. जामुलच्या रस्त्याला लागलो, सिमेंट कारखान्याच्या धुरळ्यापर्यंत जाऊन वळलो, पुन्हा कोहका, पुन्हा जामुल. त्या दिवशी काकू तासभर झोपल्या. नंतर ते नेहमीचंच झालं. माझी घरची कामं पडायची, वह्या तपासायच्या राहायच्या. त्या फेऱ्यांइतकं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही, असं मला आजही वाटतं.

थंडीत काकू गेल्या. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी, सकाळी, पलंगावर. विहारातली माणसं आली, वंदना झाली, मुलगा आला. काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी स्वयंपाकाला मदत करत होते आणि दोनच्या सुमारास सहज बाहेर पाहिलं. काका गाडीत बसले होते. डावीकडच्या, आपल्या जागेवर. गाडी बंद होती. मी जाऊन स्टिअरिंगपाशी बसले.

"डोलली नाई न तिची मान?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका. एकदाही नाही."

मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. गाडी न्यायला काका तयार नव्हते, मुलाला नकोच होती. ती माझ्या दारात आली. मी म्हटलं, जुनी मूठ परत बसवू का, ती डबी गाडीतच आहे. "नको," ते म्हणाले. "हिले तुमचा हात समजते आता."

पुण्याहून ते रविवारी फोन करायचे. नवव्या मजल्यावरून खाली गाड्या दिसतात, म्हणायचे. सगळे ब्रेकवर उभे राहतात, म्हणायचे. आणि ठेवताना एकच प्रश्न, "गाडी पार्कमंधी हाय न?" पावसाळा संपता संपता मुलाचा फोन आला. आवाज ऐकूनच कळलं. झोपेत गेले, असं तो म्हणाला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून जास्तच रडू आलं.

गाडी अजून माझ्याकडे आहे. कालच मुलीला स्टेशनवर सोडून आले. फाटकाशी थांबले, ब्रेक हलका सोडत आणला, मुठीवर तळवा टेकला, दांडा शेवटपर्यंत नेला. आणि सवयीने मोठ्याने म्हटलं, "पार्क?"

डावीकडची सीट रिकामी होती. मी दाराला हात लावला नाही.